आजेसासूबाईंचं लॉगबुक

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो, नवरा इथलाच. त्याची आजी दुसऱ्या महायुद्धात एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी या ब्रिटिश संस्थेत विमानं चालवायची. माळ्यावर तिचं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, सापडलं. सासूबाई ते संग्रहालयाला द्यायचं म्हणतात. माझी लेक शाळेत सांगून आलीय, की पणजीने जर्मन विमानं पाडली. सर्वपित्रीला आजींचं पान वाढावंसं वाटतं. चालेल का?

उत्तर : ताई, आधी लेकीशी बोला. पणजीने विमानं पाडली नाहीत. एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरीतल्या वैमानिकांचं काम होतं कारखान्यातली नवी किंवा दुरुस्त झालेली विमानं हवाई दलाच्या तळांवर पोचवायचं. हे ऐकून लेक हिरमुसेल, पण खरी गोष्ट कमी थरारक नाही. विमानात वायरलेस नाही. मांडीवर नकाशा, खाली रेल्वेचे रूळ आणि नद्या बघत जायचं. ढग खाली उतरले की जीव धोक्यात. आज स्पिटफायर, उद्या कधी न चालवलेलं विमान. त्यासाठी खिशात मावेल एवढी तारेत ओवलेल्या कार्डांची पुस्तिका असे. ती चाळायची आणि उडायचं! जानेवारी 1940 मध्ये पहिल्या आठजणी हॅटफिल्डला रुजू झाल्या, त्या कडाक्याच्या थंडीत उघडी टायगर मॉथ विमानं नेत होत्या. पुढे अशा 168 जणी झाल्या. सुरुवातीला पगार पुरुषांपेक्षा कमी होता, 1943 मध्ये तो बरोबरीचा झाला. हे मुलीला जरूर सांगा.

लॉगबुक देण्याची घाई मात्र नको. आमच्या घरी आजोबांच्या वह्या रद्दीत गेल्या, त्याची हळहळ मला आजही वाटते. आधी पानन् पान स्कॅन करा. मग रोज संध्याकाळी लेकीला एक ओळ वाचायला लावा : तारीख, विमान, कुठून, कुठे, किती वेळ. दोन्ही गावं नकाशावर शोधा. सासूबाईंना शेजारी बसवा, एखाद्या ओळीवरून त्यांना आईचं काहीतरी आठवेलच. ते तिथल्या तिथे लिहून ठेवा, पण वेगळ्या वहीत. मूळ पानावर पेन नको आणि सुटलेल्या पानाला चिकटपट्टी तर मुळीच नको. हे सगळं झालं की सासूबाईंचं म्हणणं ऐका. मेडनहेडला या वैमानिकांचा संग्रह नीट जपलेला आहे, तिथे ते लॉगबुक शोभेल.

आणि पान? खुशाल वाढा. त्या तुमच्या सासरच्याच, परक्या कशा? तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री आहेच. फक्त आधी सासूबाईंना सांगा आणि त्यांच्या आईला जेवणात काय आवडायचं ते विचारा. खीर-वड्यांशेजारी तेही वाढा.