एकट्यानं करत असलेला इन्स्ट्रुमेंटल (शब्दांशिवायचा) प्रोग्रेसिव्ह रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक) अल्बम वर्षानुवर्षं रेंगाळलाय. गायक घेऊन, छोटे तुकडे पाडून एकदाचा बाहेर काढू का?

गायक घेऊ नका. तुकडेही पाडू नका. हे आधी सांगतो, कारण नेमका हाच सल्ला मला नागपूरच्या महाल भागातल्या एका पानठेल्यावर उभं राहून वर्षानुवर्षं मिळालाय.

कॉलेजात आमचा बँड होता. बाकीचे नोकरीसाठी पुण्या-हैदराबादला गेले, नागपुरात मी आणि आमचा गायक उरलो. माझ्या डोक्यात दोन भागांची एकच लांब रचना होती, शब्दांशिवाय. तो ऐकायचा आणि दर वेळी तेच, "काय करून राहिला बे? शब्दच नाही त लोकं काय ऐकतीन?" मी म्हणायचो, सतारवाल्याला कोणी विचारतं का, शब्द कुठे आहेत म्हणून? आलाप, जोड, झाला तासभर ऐकणारे आपलेच लोक, आणि हातात गिटार दिसली की त्यांना चार मिनिटांत अंतरा हवा? यावर त्याच्याकडे उत्तर नसायचं. मत मात्र तेच राहायचं.

रेंगाळणं म्हणजे आळस, असं ज्यांना वाटतं त्यांनी नागपुरात घरी माइक लावून बघावा. मार्चअखेर कूलर सुरू होतो तो पाऊस स्थिरावेपर्यंत. त्याच्या घरघरीत रेकॉर्डिंग होत नाही, आणि 45 अंशांत तो बंद करून बसवत नाही. कोरड्या हवेत गिटारचं लाकूड आकसतं, फ्रेटची, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं बोटांना टोचतात. तीच गिटार कूलरसमोर राहिली तर ओलीनं फुगते. मग पत्र्यावरचा पाऊस, मग तान्ह्या पोळ्याला मारबतीची मिरवणूक, गणपती, नवरात्र. उरतात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, त्याही वराती संपल्यावर. म्हणून अकूस्टिक गिटार आणि बासरी मी फक्त थंडीत घेतली. बास आणि इलेक्ट्रिक उन्हाळ्यात, थेट केबलनं, कानाला हेडफोन लावून. कॉलेज सुटल्यापासून मुलगी शाळेत जायला लागेपर्यंत हेच चाललं.

पहिल्या भागाच्या मध्यावर पंधरा मात्रांची एक रिफ (परत परत येणारी छोटी धून) आहे, सात अधिक आठ. प्रोग्रॅम केलेले ड्रम्स त्यावर बसतच नव्हते. आमच्या वाड्यात तबला शिकवणारे एक काका राहतात. त्यांनी दारातूनच ऐकलं, आत आले, हातावर टाळी धरली आणि म्हणाले, "पंचम सवारीच्याही पंधराच मात्रा असतात बाळा, विभाग वेगळे. तू प्रत्येक मात्रेवर ठोकून राहिला, समेला वजनच नाही." मी मधले निम्मे ठोके काढले, समेवर बास आणि किक (ड्रम्समधला मोठा ढोल) एकत्र आणली. रिफ चालायला लागली. गायकानं ते ऐकलं आणि म्हणाला, "इथं दोन ओळी टाक ना!"

इंग्रज संगीतकार माइक ओल्डफील्डचा 'ट्यूब्युलर बेल्स' हा अल्बम तुम्ही ऐकलाच असेल. 1973 साली आला तेव्हा तो वीस वर्षांचा होता. बहुतेक वाद्यं त्यानं स्वतः वाजवली. आधी कंपन्यांनी त्याला परत पाठवलं होतं. शेवटी नव्या व्हर्जिन रेकॉर्ड्सनं पहिला अल्बम म्हणून तोच काढला. सुरुवातीची धून पंधराचीच, आणि रेकॉर्डच्या दोन बाजूंना दोन सलग भाग. त्यात ओळी टाकल्या असत्या तर काय झालं असतं, हे मी पानठेल्यावर कैकदा विचारलंय.

तुकड्यांचं म्हणाल तर हिशेब तुकडेवाल्यांच्या बाजूनं आहे. स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकलं की एक प्ले धरतात. बावीस मिनिटांची रचना पूर्ण ऐकली तरी एकच. पैशासाठी करत असाल तर पाडा तुकडे. पण पैशासाठी कोणी इतकी वर्षं थांबत नाही.

पूर्ण कसा करायचा? कॉम्प्युटरवरचे जुने प्रोजेक्ट आजच उघडा, त्यातलं प्लगइन (आवाजासाठी जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) उद्या चालेलच असं नाही. प्रत्येक ट्रॅक रचनेच्या पहिल्या क्षणापासून वेव्ह फाइल (साधी ऑडिओ फाइल) करून काढा, टेम्पो मॅपसकट, म्हणजे लय कुठे किती आहे त्या नोंदीसकट. नवं वाद्य, नवं सॉफ्टवेअर घेणं बंद. मास्टरिंग, म्हणजे आवाजावरचा शेवटचा हात, दुसऱ्याकडून करून घ्या, तुमचे कान आता त्या आवाजांना सरावलेत.

एक राहिलं. एकट्याचा अल्बम म्हणजे दुसऱ्याला दारातही उभं करायचं नाही असं नसतं. ओल्डफील्डनंही एका भागासाठी ड्रमर बोलावला होता, आणि त्याच्या 'इन्स्ट्रुमेंटल' अल्बममध्ये माणसाचे आवाजही आहेत. तुमच्या सुरावटीलाच आवाज हवा असेल तर जरूर घ्या. लोकं ऐकणार नाहीत या भीतीनं घेऊ नका.

आणि आमचा गायक हे वाचेलच. भाऊ, दुसऱ्या भागात बासरीनंतर बास एकटाच उतरत जातो, तिथं तू कोणत्या दोन ओळी टाकणार होतास, त्या आता लिहून दाखव.