तीन चाकांची बाबागाडी : घ्यावी की नाही?

प्रश्न : माझी मुलगी सात महिन्यांची आहे. आम्ही पुण्यात सहकारनगरला चौथ्या मजल्यावर राहतो. बारशाला भेट आलेली छोट्या चाकांची घडीची बाबागाडी आमच्याकडे आहे, पण सोसायटीबाहेरच्या पेव्हर ब्लॉकवर ती इतकी थडथडते की मुलगी दहा मिनिटांत रडू लागते. माझे पती रोज सकाळी तळजाई टेकडीवर धावायला जातात. मोठ्या चाकांची तीनचाकी गाडी घेतली तर मुलीलाही सोबत नेता येईल, असे त्यांचे म्हणणे आहे. सासूबाईंना मात्र तीन चाकांची गाडी उलटेल अशी धास्ती वाटते. आम्ही काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या घरात दोन मते पडली आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे, म्हणून निर्णय आधी सांगते आणि कारणे मागाहून देते. तळजाईवर आठवड्यातून निदान तीन-चार वेळा मुलीला घेऊन खरोखरच जाणे होणार असेल, तर तीनचाकी गाडी जरूर घ्यावी. परंतु तिला तीत बसवून धावणे आणखी काही महिने पुढे ढकलावे. सातव्या महिन्यात मुलाने मान धरलेली असते, आधाराविना बसायलाही ते नुकतेच शिकत असते. पण शरीराच्या मानाने डोके जड आणि मानेचे स्नायू कोवळे असल्यामुळे धावताना बसणारा प्रत्येक हादरा मानेवर येतो. सहा महिन्यांच्या आतील बाळाला घेऊन धावू नये, असे बालरोगतज्ज्ञ आणि गाड्या बनविणारे दोघेही सांगतात. त्यापुढे केव्हा, हे आपल्या डॉक्टरांनी मुलीला तपासून ठरवावे. माझे मत विचाराल, तर टेकडीच्या खडबडीत वाटेवर धावण्यासाठी पहिला वाढदिवस होऊ द्यावा. तोवर तिला घेऊन चालायला काहीच हरकत नाही.

आपली सध्याची गाडी थडथडते, यात तिचा दोष नाही. छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी ब्रिटनमध्ये ओवेन मॅक्लॅरन या विमान-अभियंत्याने १९६५ साली तयार केली, ती प्रवासात एका हाताने उचलून नेता यावी म्हणून. तिची चाके लहान आणि टणक असतात, त्यामुळे दोन ब्लॉकमधल्या प्रत्येक फटीत ती आपटतात. तीनचाकी गाडीची गरज वेगळ्या माणसाला पडली. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात फिल बेक्लर यांना मुलाला घेऊन धावायचे होते आणि साध्या गाडीने ते जमेना, तेव्हा त्यांनी तिला सायकलची चाके लावून पाहिली. त्यातूनच १९८४ च्या सुमारास ही गाडी बाजारात आली. मोठे चाक फटीवरून आणि खडीवरून गडगडत पुढे जाते, आणि तीनच चाके असल्यामुळे जमीन उंचसखल असली तरी तिन्ही एकाच वेळी टेकलेली राहतात. तिवई जशी कोणत्याही जमिनीवर डुगडुगत नाही, तसेच हे आहे.

पण त्याच तिवईच्या दोन पायांमधल्या कडेवर भार टाकला तर ती लगेच कलते. सासूबाईंना वाटणारी भीती याच जागेची आहे. रिक्षा वेगाने वळली की प्रवासी एका अंगाला कसे सरकतात, हे त्यांनी वर्षानुवर्षे अनुभवलेले असणार. काही वर्षांपूर्वी मी माझ्या भाचीला घेऊन भाजी आणायला गेले होते. परतताना कांदे-बटाट्यांची पिशवी हँडलला अडकवली आणि फूटपाथवरून सरळ न उतरता गाडी तिरकी घातली. पुढचे चाक खाली गेले, पाठोपाठ मागचे डावे चाक घसरले आणि गाडी डावीकडे कलली. पट्टे लावलेले होते आणि माझे दोन्ही हात हँडलवर होते, म्हणून ती सावरली. परंतु लोंबणारी पिशवी तिला त्याच बाजूला ओढत होती, हे मनगटाला स्पष्ट जाणवले. तेव्हापासून मी ओझे फक्त आसनाखालच्या जाळीत ठेवते. चढताना हँडल खाली दाबून पुढचे चाक उचलावे आणि सरळ समोरून चढावे; उतरताना गाडी उलटी फिरवून मागची दोन चाके आधी, एकाच वेळी खाली टेकवावीत. गाडी निवडतानाही मागच्या चाकांमधले अंतर भरपूर आहे ना आणि आसन फार उंचावर नाही ना, एवढे पाहिले तर कलण्याचा धोका बराच कमी होतो.

सर्वांत जास्त वेळ पुढच्या चाकाला द्यावा. काही गाड्यांचे पुढचे चाक कायमचे सरळ जखडलेले असते, काहींचे चहूकडे फिरते, आणि बऱ्याच गाड्यांत ते हवे तेव्हा फिरते ठेवता येते किंवा खटक्याने जखडता येते. आपल्याला तिसरा प्रकार हवा. दुकानात, लिफ्टमध्ये, मंडईच्या गर्दीत फिरते चाक लागते, कारण जखडलेल्या चाकाची गाडी वळवायची म्हणजे दर वेळी हँडल दाबून तिचे नाक उचलावे लागते. टेकडीवर मात्र चाक जखडूनच चालावे आणि पुढे धावतानाही तसेच ठेवावे. वेगात फिरते चाक थरथरू लागते आणि एखाद्या दगडाने अचानक आडवे झाले तर गाडी जागच्या जागी थांबते व पाठीमागचा माणूस तिच्यावर आदळतो. दुकानात रिकामी गाडी ढकलून काहीच कळत नाही. आठ किलो तांदळाची पिशवी सोबत न्यावी, ती आसनावर पट्ट्यांनी बांधावी आणि दुकानाबाहेरच्या रस्त्यावर एका हाताने गाडी ढकलून पाहावी. चाक जखडून हात सोडल्यावर दहा-बारा पावलांत गाडी एका बाजूला ओढली जात असेल, तर पुढच्या फाट्यापाशी ती सरळ करण्याचा स्क्रू आहे का ते विचारावे. दुकानदाराने हे सारे करू दिले नाही तर दुसरे दुकान पाहावे.

टायर हवेचे घ्यावेत की भरीव फोमचे, हा प्रश्न तळजाईच्या वाटेवर महत्त्वाचा ठरतो. हवेचे टायर हादरे फार छान गिळतात, पण टेकडीवरच्या काट्यांनी पंक्चर होतात. बहुतेक गाड्यांच्या ट्यूबला मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे काम होते; मात्र टायरच्या कडेला छापलेल्या दाबापेक्षा अधिक हवा भरू देऊ नये, कारण पंपावरचा कॉम्प्रेसर एवढीशी ट्यूब क्षणात फोडू शकतो. सायकलचा साधा हातपंप, योग्य तोंडाचा, घरी ठेवलेला बरा. भरीव टायरांना यातले काहीच लागत नाही, पण मग गाडीच्या सांगाड्याला स्प्रिंग हवी. आपल्याला मी हवेचेच टायर सुचवीन आणि एक जादा ट्यूब गाडीसोबतच मागून घ्यायला सांगेन.

पैसे देण्यापूर्वी टेप घेऊन लिफ्टच्या दाराची रुंदी आणि आतली खोली मोजावी. मोठ्या चाकांची गाडी बहुधा एक मीटरहून लांब आणि मागे साठ सेंटिमीटरहून रुंद असते, आणि वजन दहा-बारा किलोंच्या घरात जाते. वीज गेल्यावर मुलीला कडेवर घेऊन ती चौथ्या मजल्यावर चढवणे एकट्या माणसाला जमणारे नाही. तळमजल्यावर साखळीने बांधून ठेवायला जागा मिळत असेल, तर सोसायटीला आधी विचारून ठेवावे.

पट्टे पाच टोकांचे असावेत, म्हणजे दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांमधून येणारा, आणि गाडी दोन मिनिटांसाठी उभी केली तरी ते लावलेलेच असावेत. थांबण्याचा ब्रेक मागच्या दोन्ही चाकांना एकदम लागला पाहिजे. उतारावर तांदळाची पिशवी ठेवूनच तो पाहावा. उतारावरून जाणार असाल तर हाताने दाबायचा ब्रेक आणि मनगटात अडकवायची दोरी, दोन्ही हवीत. मुलगी गाडीत झोपली की पाठ शक्य तेवढी आडवी करावी, कारण बसल्या बसल्या हनुवटी छातीला टेकली तर लहान मुलाच्या श्वासाला अडथळा येऊ शकतो.

एका सवयीबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. ऊन लागू नये म्हणून आपल्याकडे बाबागाडीवर सर्रास दुपटे किंवा ओढणी पांघरली जाते. कापड कितीही पातळ असले तरी आत हवा खेळत नाही, थोड्याच वेळात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा चढते आणि मुलाचा चेहराही आपल्याला दिसत नाही. मोठा टप असलेली, टपाला मागून जाळीची खिडकी असलेली गाडी घ्यावी, आणि एप्रिल-मे महिन्यांत उन्हे चढण्याआधी घरी परतावे. रस्त्याच्या धुराचेही तसेच आहे. इंग्लंडमधील सरे विद्यापीठात प्रशांत कुमार यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवून दिले की गाडीतील मुलांचे नाक वाहनांच्या धुराच्या उंचीजवळ असल्यामुळे त्यांच्या वाट्याला मोठ्यांपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत अधिक प्रदूषित हवा येऊ शकते. म्हणून टेकडीला जाताना मुख्य रस्ता टाळून गल्लीबोळांतून जावे आणि सिग्नलला गाडी वाहनांच्या रांगेपासून दूर उभी करावी.

प्रश्न : अमेरिकेतून कायमचे परतलेले माझे दीर त्यांची दहा-बारा वर्षे जुनी तीनचाकी गाडी आमच्या दीड वर्षाच्या मुलासाठी देत आहेत. गाडी दिसायला उत्तम आहे. वापरावी का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : वापरता येईल, पण आधी पुढचे चाक पाहावे. त्या काळातील अनेक गाड्यांचे पुढचे चाक सायकलप्रमाणे एका खटक्याच्या दांड्याने झटपट निघणारे असे, आणि दांडा पुरेसा घट्ट बसला नसेल तर चालत्या गाडीचे चाक सुटून मुलांना व मोठ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी अमेरिकेत आल्या होत्या. तेथील ग्राहक-सुरक्षा आयोगाने या कारणावरून फेब्रुवारी २०१८ मध्ये एका उत्पादकावर कायदेशीर कारवाईही सुरू केली. दांडा मिटताना तळहाताला चांगला जोर लावावा लागला पाहिजे. बोटाने सहज मिटत असेल तर तो सैल आहे. मिटल्यावर पुढचा भाग उचलून चाकावर वरून दोन-तीन बुक्क्या माराव्यात आणि चाक जागचे हलत नाही याची खात्री करावी. हे दर वेळी घराबाहेर पडण्यापूर्वी करावे.

सांगाड्यावरच्या पट्टीवर मॉडेलचा क्रमांक आणि बनविल्याची तारीख असते. त्या आयोगाच्या संकेतस्थळावर परत मागविलेल्या वस्तूंची यादी आहे, तिच्यात हा क्रमांक दीरांनी शोधून द्यावा. घडीच्या बिजागऱ्याही पाहाव्यात. २००९ मध्ये अमेरिकेत एका कंपनीच्या सुमारे दहा लाख गाड्यांना बिजागरीवर घालायची आवरणे द्यावी लागली होती, कारण गाडी उघडताना मुलांची बोटे तीत सापडून शेंडे तुटले होते. गाडी कोणतीही असो, ती उघडताना आणि मिटताना मूल दोन हात लांब उभे असावे. टायर व ट्यूब मात्र न पाहताच नवे घालावेत. इतक्या वर्षांत रबराला बारीक चिरा पडलेल्या असतातच.

प्रश्न : आम्ही जर्मनीत राहतो. घरापासून स्थानकापर्यंत दगडी फरशीचा जुना रस्ता आहे आणि पुढे भुयारी मार्गाचा जिना आहे. दगडांसाठी तीनचाकी गाडी योग्य वाटते. मुलगा एक वर्षाचा आहे.
— एक वाचक, स्टुटगार्ट

उत्तर : दगडी फरशीसाठी आपली निवड बरोबर आहे, परंतु तो जिना आधी नीट पाहावा. जर्मनीतील अनेक जुन्या जिन्यांवर बाबागाडीसाठी दोन समांतर उतरत्या पट्ट्या बांधलेल्या असतात. चारचाकी गाडीची डावी-उजवी चाके त्या पट्ट्यांवरून जातात. तीनचाकीचे पुढचे चाक मधोमध असल्यामुळे त्याच्याखाली पायऱ्याच येतात. तेथे लिफ्ट नसेल आणि हा जिना रोजचा असेल, तर हवेचे टायर असलेली, मोठ्या चाकांची चारचाकी गाडी घ्यावी. लिफ्ट असेल, तर तीनचाकी खुशाल घ्यावी.