जांभ्याच्या जुन्या घराचं होमस्टे करताना

कोकणातलं जुनं घर हातात घेतलंत, तर कामाआधी एक पावसाळा ते नुसतं बघा. कुठे गळतं, कुठली भिंत ओल धरते, हे मे महिन्यात कळत नाही.

कौलं उतरवलीत की प्रत्येक वाशाचं भिंतीत गेलेलं टोक स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. वाळवी बहुधा तिथूनच शिरते आणि वरून लाकूड धडधाकट दिसतं.

गवंडी सिमेंटचा गिलावा सुचवेल. ठाम नाही म्हणा. जांभा जमिनीतली ओल वर ओढतो, सिमेंट ती बाहेर पडू देत नाही आणि गिलावा पोपडे धरून सुटतो. एक भाग चुना, तीन भाग वाळू घ्या. चुना किमान दोन आठवडे पाण्यात मुरलेला हवा. खाडीची वाळू नकोच, मिठाने भिंतीला पांढरं फुटतं. गिलावा आठवडाभर ओलसर ठेवा, वर चुन्याचाच हात द्या. ऑइलपेंट लावलात तर सगळी मेहनत फुकट.

संडास-बाथरूम माजघरात घुसवू नका, मागच्या पडवीला लागून वेगळ्या जोत्यावर बांधा. शोषखड्डा विहिरीच्या खालच्या उताराला, विहिरीपासून किमान १५ मीटर दूर. जांभ्याच्या भेगांतून घाण पाणी दूरवर जातं, म्हणून जागा असेल तर अंतर आणखी वाढवा.