घरातल्या पार्लरचा घरखर्च: एका होतकरू मुलीला पत्र

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तू विचारलंस, "काकू, वीज, भाडं, पाणी हे सगळं घरात तसंही लागतंच. मग ते पार्लरच्या हिशोबात कशाला धरायचं?" या एका प्रश्नाचं उत्तर मी जरा लांबलचक देणार आहे, कारण घरातून पार्लर चालवणाऱ्या मुलींचं गणित बहुतेक वेळा इथेच बिघडतं. वॅक्सचा डबा, फेशियल किट, आयब्रोचा दोरा, क्रॉफर्ड मार्केटला जाण्या-येण्याचं तिकीट, सगळं वहीत पैन्‌पै लिहिलेलं असतं आणि घराच्या रकान्यात शून्य. महिनाअखेरीला हातात पैसे दिसतात, म्हणून नफा झाला असं वाटतं. त्यातले काही पैसे मुळात तुझ्या बाबांच्या पगारातून गेलेले असतात.

आधी विजेचं बघू, कारण सगळ्यात जास्त चुकीचे अंदाज तिथेच होतात. एक किलोवॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट, एवढं पाठ ठेवलंस तरी पुरे. तुझ्या खोलीतली यादी मी माझ्या अंदाजाने मांडते, तू उपकरणांवरचे वॅट वाचून दुरुस्त कर. दिवसाला सहा तास आणि महिन्याला सव्वीस दिवस काम धरलं, तर वॅक्स हीटर शंभर वॅटचा, चार तास चालला तरी महिन्याला दहाच युनिट. स्टीमर सातशे वॅटचा, पण रोज अर्धा तास, म्हणजे नऊ. ड्रायर मोठा, बाराशे वॅटचा, तोही एकूण अर्धा तास, पंधरा-सोळा युनिट. पेडीक्योरच्या आणि केस धुण्याच्या गरम पाण्यासाठी गिझर, वीस-बावीस. पंखा आणि दिवे, पंधरा. टॉवेल धुवायला मशीन, आठ-दहा. झाले ऐंशी. आता एसी. छोट्या खोलीतला एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट धर, म्हणजे दीडशेच्या वर एकटा एसी. वॅक्स हीटर बंद करायला विसरलीस म्हणून तू हळहळतेस, आणि दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या पाऊण तासात एसी रिकाम्या खोलीला गारवा देत बसलेला असतो, त्याकडे तुझं लक्ष जात नाही.

आता महावितरणचं बिल समोर घे. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिली शंभर युनिटं स्वस्त, मग तीनशेपर्यंतचा टप्पा, मग पाचशेपर्यंतचा, मग त्यापुढचा. तुमच्या घराची एकशे ऐंशी युनिटं पार्लर नसतानाही लागत होती. म्हणजे स्वस्त टप्पा घराने आधीच संपवलेला आहे आणि तुझं पार्लर जे वापरतं ते सगळं वरच्या, महागड्या टप्प्यांत पडतं. म्हणून "खोली घराच्या पाव भागाएवढी, तर बिलही पाव" हा हिशोब विजेला लावू नकोस. समजा पार्लर सुरू होण्याआधी बिल १,९०० रुपये यायचं आणि आता मे महिन्यात ५,५०० आलं. पाव हिस्सा धरलास तर १,३७५ होतात. पार्लरमुळे खरा वाढलेला खर्च ३,६०० आहे. आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याचं बिल काढ, दर बदलले असतील तर जुनी युनिटं नव्या दराने मांड, आणि फरक पार्लरच्या नावावर टाक. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यावरचं वीज शुल्क, हे सगळं वाढतं; स्थिर आकार मात्र पार्लर नसतं तरी भरावाच लागला असता, तो घराकडे राहू दे. याहून नेमकं हवं असेल तर इलेक्ट्रिशियनकडून त्या खोलीच्या लाइनवर सब-मीटर बसवून घे. माझं मत विचारशील तर बसवच. घरात "तुझ्या एसीमुळे बिल वाढलं" हा विषय निघतो तेव्हा आकडा समोर असला की भांडण होत नाही.

यातच एक गोष्ट अशी आहे, जी ठाणे-नवी मुंबईतल्या घरगुती पार्लरवाल्या मुलींना क्वचितच कुणी सांगतं. ब्यूटी पार्लर एरवी महावितरणच्या अनिवासी, म्हणजे व्यापारी वर्गात मोडतं. पण घराच्या एका भागातून व्यवसाय करणाऱ्याला महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या दरआदेशांत सवलत आहे: महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आणि आदल्या आर्थिक वर्षाचा ३,६०० युनिटपर्यंत असेल तर घरगुती दरच लागू राहतो. हा हिशोब दर आर्थिक वर्षाच्या शेवटी तपासला जातो. आता तुझे आकडे लाव. एसीशिवाय घराचे एकशे ऐंशी आणि पार्लरचे ऐंशी, मिळून दोनशे साठ. एसी लागला की चारशे वीसच्या आसपास. चार महिने एसी आणि आठ महिने बिनाएसी धरलं तर वर्षाचे होतात ३,७६०. महिन्याची मर्यादा त्या चार महिन्यांत मोडते आणि वर्षाचीही. व्यापारी वर्गात गेलं की दर वेगळा आणि वीज शुल्कही १६ टक्क्यांऐवजी २१ टक्के, आणि ते फक्त तुझ्या खोलीवर नाही, आईच्या मिक्सरवर आणि भावाच्या लॅपटॉपवरसुद्धा. तेव्हा एसी घेण्याआधीच हा विचार व्हायला हवा होता असं मी म्हणणार नाही, उकाड्यात फेशियलला कोण झोपेल? पण गिऱ्हाईक दारात आल्यावरच एसी लाव, सव्वीसवर ठेव, सोबत कमी वॅटचा बीएलडीसी पंखा चालू दे, आणि घरातले जुने पंखे बदलून घराची युनिटंही खाली आण. तुमच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन सध्याचा दरआदेश एकदा विचारून घे. मीटर घरमालकाच्या नावावर आहे, म्हणून त्यांनाही हे ठाऊक असलं पाहिजे.

त्यावरून आठवलं, भाडेकरार काढून वाच. "फक्त राहण्यासाठी" असं त्यात लिहिलेलं असतं. मालकांची लेखी संमती आणि सोसायटीला एक पत्र, हे दोन कागद फाइलमध्ये नसतील तर बाकीचे सगळे आकडे अधांतरी आहेत. सोसायटीला पत्र देताना येणाऱ्या बायका किती, वेळ काय, लिफ्ट आणि पाणी किती वापरलं जाईल हे स्वतःहून लिही. ऐरोलीला तुम्हाला पाण्याची तेवढी ओढाताण नाही. घोडबंदर रोडला ज्या सोसायट्या उन्हाळ्यात टँकर मागवतात, तिथे टँकरचा खर्च सगळ्या सभासदांवर सारखा पडतो आणि पेडीक्योरचं पाणी शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर येतं. तिकडे पार्लर चालवणाऱ्या मुलीला मी सांगेन की कमिटी विचारायच्या आधीच पाण्यापोटी महिन्याची ठरावीक रक्कम देऊ कर.

आता खोलीचं भाडं. तुमचं घर चारशे फुटांचं, भाडं वीस हजार, तुझी खोली शंभर फुटांची. जागेच्या प्रमाणात पाच हजार रुपये झाले. पण रात्री तिथे आजी झोपते, सकाळी भाऊ अभ्यास करतो; तू आठवड्याला छत्तीस तास वापरतेस. काही जण आठवड्याचे सगळे १६८ तास धरून भागतात. मला ते पटत नाही, कारण झोपेच्या वेळी ती खोली कुणीच कामासाठी मागत नाही. जागेपणीचे दिवसाला सोळा, म्हणजे आठवड्याचे ११२ तास धर. छत्तीस भागिले एकशे बारा, साधारण बत्तीस टक्के. पाच हजारांचे बत्तीस टक्के, सोळाशे रुपये. हा हिशोब तू खुर्ची दुमडून, ट्रॉली कपाटामागे सरकवून खोली घराला परत देतेस तोवरचा. ज्या दिवशी हायड्रॉलिक खुर्ची आणि फेशियल बेड कायमचा तिथे बसेल आणि आजीचं अंथरूण हॉलमध्ये जाईल, त्या दिवसापासून पूर्ण पाच हजार धरायचे. तास मोजायचे नाहीत. जागा गेली ती गेली.

(तुझ्या मैत्रिणीचं घर स्वतःचं आहे, तिलाही सांग: कर्जाच्या हप्त्यातला मुद्दल फेडण्याचा भाग खर्चात धरायचा नाही, त्यातून तिच्या मालकीचं घर होतंय. व्याज, मेंटेनन्स आणि मालमत्ता कर यांचा हिस्सा धरायचा.)

बाकीच्या गोष्टी झटपट. केस झाडायचे म्हणून कामाला येणाऱ्या ताईंना तू जास्तीचे पाचशे देतेस, ते पूर्ण पार्लरचे. टॉवेलची धुलाई, साबण, न्हाणीत केस अडकले की प्लंबर, महिन्याला सरासरी साडेतीनशे. वायफाय आणि फोनचे तीनशे. खुर्ची, स्टीमर, एसी ही कधीतरी बदलावी लागतील. त्यांची किंमत भागिले ती किती महिने टिकतील, असं करून मी सातशे धरले आहेत. गॅसचा रकाना रिकामा ठेव. घरगुती सिलिंडर व्यवसायाला वापरणं नियमात बसत नाही, आणि वॅक्स शेगडीवर तापवताना पेट घेतं ते वेगळंच. वॅक्स हीटरवरच.

आता बेरीज. विजेसाठी मे महिन्याचा आकडा बारा महिन्यांना लावू नकोस. एसीचे चार महिने ३,६०० आणि उरलेले आठ महिने साधारण ११०० धरले तर वर्षाची सरासरी महिन्याला १,९५० च्या आत बसते. त्यात खोलीचे १,६००, कामाच्या ताईंचे ५००, धुलाईचे ३५०, फोनचे ३००, झिजेचे ७००. एकूण ५,४००.

हे भागायचे कशाने? तू पार्लर उघडं ठेवतेस महिन्याला दीडशेच्या वर तास, पण खुर्चीवर खरंच गिऱ्हाईक असतं नव्वद तास. भागायचे नव्वदने, कारण रिकाम्या तासाचे पैसे कुणी देत नाही. ताशी साठ रुपये आले. मिनिटाला एक रुपया. आयब्रोला दहा मिनिटं लागली तर दहा रुपये घराचे. सव्वा तासाच्या फेशियलला पंचाहत्तर. पूर्ण हातांच्या वॅक्सला अर्धा तास, तीस रुपये. तुझ्या दरपत्रकातल्या प्रत्येक ओळीतून आधी हे वजा कर, मग सामान वजा कर, जे उरलं ती तुझी मजुरी. मला वाटतं फेशियलमध्ये तुला बरे पैसे उरतील आणि आयब्रोमध्ये फारच कमी. शेजारची चाळीस रुपयांत करते म्हणून तूही चाळीस घेतेस. सामान आणि घर वजा केल्यावर त्यात काय राहतं ते स्वतः बघ. श्रावण-पितृपक्षात खुर्ची रिकामी राहते आणि गौरी-गणपती, दिवाळी, लगीनसराईत श्वास घ्यायला फुरसत नसते, तेव्हा हे तासही वर्षाच्या सरासरीनेच मोज. एका दिवाळीच्या जोरावर दर ठरवू नकोस.

कराचं तू विचारलं होतंस. छोट्या व्यवसायाला आयकरात अंदाजित उत्पन्नाची सोय आहे: रोखीच्या जमेवर आठ टक्के आणि यूपीआय किंवा बँकेतून आलेल्या जमेवर सहा टक्के एवढं किमान उत्पन्न दाखवायचं, मग खर्चाच्या पावत्या मांडाव्या लागत नाहीत. जीएसटीची नोंदणी सेवेसाठी वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की. तुला अजून तिथवर जायला वेळ आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंद, मात्र आजच कर, सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते, कुणा एजंटला पैसे देऊ नकोस. म्हणजे घरखर्चाचा हा सगळा हिशोब कर वाचवायला नाही. तो तुझे दर ठरवायला आहे, आणि दुसऱ्या एका गोष्टीसाठी आहे.

ती अशी. ५,४०० मधले खोलीचे आणि विजेचे मिळून साडेतीन हजार बाबा भरतात. ते दर महिन्याच्या पाच तारखेला बाबांच्या खात्यात जमा कर. ते नको म्हणतील. आई तर रागावेलच, "घरात कुणी भाडं देतं का?" म्हणेल. तरी देत जा. नाहीच घेतले तर त्याच रकमेचं वेगळं रिकरिंग खातं उघड आणि त्याला हात लावू नकोस. मी इतकं आग्रहाने सांगते आहे, कारण मुलीचा व्यवसाय "घरबसल्या चार पैसे" म्हणून मोजला जातो आणि तीही तो तसाच मोजू लागते. घराची जागा आणि वीज वापरून त्याचे पैसे चुकते करणारी मुलगी घरातल्या कुणाशीही व्यवसायाबद्दल मान वर करून बोलते. उद्या लग्नानंतर नव्या घरात किंवा सेक्टरमधल्या एखाद्या गाळ्यात हेच काम न्यायचं ठरलं, तर परवडेल की नाही हे तुला तिथल्या भाड्याचा आकडा ऐकताच सांगता येईल, कारण मिनिटाचा हिशोब तुझ्याकडे असेल.

या रविवारी मागच्या बारा महिन्यांची बिलं महावितरणच्या ॲपवरून उतरवून घे, उपकरणांचे वॅट लिही, आणि खुर्चीवर गिऱ्हाईक किती वेळ होतं याची नोंद सोमवारपासून वहीत सुरू कर. महिनाभराचे तास जमले की मला पाठव. दरपत्रक आपण दोघी बसून नव्याने लिहू.

तुझी,
काकू