सहा महिन्यांच्या लॅब्रेडॉरला रोज किती व्यायाम हवा?

सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास पट्ट्यावर फिरवलंत तरी पुरे. 'वयाच्या दर महिन्यामागे पाच मिनिटं' हा हिशेब अंदाजापुरता ठीक आहे, त्याला पक्का शास्त्रीय आधार नाही. घड्याळापेक्षा पिल्लाकडे बघा. वाटेत बसकण मारली, मागे रेंगाळलं किंवा नंतर उठताना लंगडलं, तर जास्त झालं. लंगडणं थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

मोठ्या जातींची हाडं साधारण सव्वा-दीड वर्षापर्यंत वाढतात आणि तोवर त्यांची टोकं नाजूक असतात. म्हणून स्कूटरमागे पळवणं (आपल्याकडे सर्रास दिसतं, बघवत नाही), गाडीतून उड्या मारू देणं, गुळगुळीत फरशीवर चेंडू फेकणं नको. मातीवर, गवतावर मनाप्रमाणे बागडू द्या; दमलं की आपणच थांबतं. चेंडूमागे मात्र थांबत नाही, लॅब्रेडॉर तर नाहीच! वाटेत निवांत हुंगू द्या, त्यानेही ते छान दमतं.

उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत फिरवून आणा. आणि वजन वाढू देऊ नका: फासळ्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. लठ्ठ पिल्लाच्या खुब्यांना चालण्यापेक्षा वजनाचाच त्रास जास्त.