‘माझी परीक्षा घ्या’ म्हणणाऱ्या मुलीला

प्रिय मुली,

पत्र मिळालं. चांगलंच तापलेलं आहे. कॅथलिक व्हायचं म्हणून बायबल वाचून झालं, धर्मशिक्षणाचं जाडजूड पुस्तक खुणा करकरून संपवलं, मनाने होकार दिला, आणि तरी फादर म्हणतात, ‘घाई नको, बाप्तिस्म्याचं पुढच्या ईस्टरला बघू.’ वर तू एडिथ स्टाइनचा, ज्यू घरातून कॅथलिक होऊन पुढे संत ठरलेल्या बाईचा, दाखला दिलास. फादरांनी तयारीचं नाव काढल्यावर तिने म्हणे सरळ सांगितलं, ‘माझी परीक्षा घ्या.’ मग तुझीच का नको?

दाखला चांगला आहे, पण तू तो अर्ध्यावर सोडलास. एडिथ तत्त्वज्ञानातली डॉक्टरेट घेतलेली बाई. १९२१ च्या उन्हाळ्यात अविलाच्या संत तेरेजाचं आत्मचरित्र तिच्या हाती लागलं आणि तिचा निर्णय झाला. बाप्तिस्मा झाला १ जानेवारी १९२२ ला. म्हणजे थांबावं तिलाही लागलंच. तिला लगेच तेरेजाच्याच पंथातल्या जोगिणींच्या कार्मेल मठात जायचं होतं, तर मार्गदर्शक ‘आत्ता नको’ म्हणाले. तिने मठात पाऊल टाकलं ते १९३३ मध्ये. मधली वर्षं ती शिकवत राहिली, लिहीत राहिली आणि घरी गेली की आपल्या ज्यू आईबरोबर सिनेगॉगमध्येही जात राहिली. तेव्हा तिचं नाव घ्यायचं तर पूर्ण घे.

तुझ्या रागाचं खरं कारण मला वेगळंच दिसतं. तुला शिकवण पटली आहे, माणसं पटलेली नाहीत. प्रवचन कंटाळवाणं, गायन बेसूर, शेजारचे आजोबा मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, चालू असताना घोरतात, धर्मशिक्षणाच्या वर्गात कुणी प्राचीन काळच्या संत ऑगस्टीनचं नावही ऐकलेलं नाही, असं तूच लिहिलंस. तुला हे सगळं वगळून थेट देवाशी व्यवहार करायचा आहे. ते जमणार नाही, आणि कॅथलिक व्हायचं असेल तर मुळीच जमणार नाही.

ऑगस्टीनचा विषय तूच काढलास, म्हणून त्यानेच सांगितलेली एक गोष्ट. चौथ्या शतकात रोममध्ये व्हिक्टोरिनस नावाचा नामांकित वक्तृत्वशिक्षक होता. त्याने शास्त्रं वाचली आणि सिम्प्लिसियानस नावाच्या ख्रिस्ती मित्राला खाजगीत सांगितलं, ‘मी आतून ख्रिस्तीच झालोय बरं का.’ मित्र म्हणाला, ‘तुला चर्चमध्ये पाहीन तेव्हा खरं मानेन.’ व्हिक्टोरिनस हसला. ‘म्हणजे भिंती माणसाला ख्रिस्ती करतात होय?’ ही चेष्टा बरेच दिवस चालली. खरी अडचण भिंतींची नव्हतीच, त्याला प्रतिष्ठित मित्रांची भीती वाटत होती. शेवटी एक दिवस तोच म्हणाला, ‘चल, चर्चमध्ये जाऊ.’ बाप्तिस्म्याआधी विश्वासाची कबुली सगळ्यांसमोर उंचावर उभं राहून म्हणायची रोममध्ये पद्धत होती. धर्मगुरूंनी त्याला ती एकांतात म्हणायची सवलत देऊ केली, कारण संकोची लोकांना ती देत असत. त्याने नाकारली. भर सभेत, मोठ्याने म्हणाला.

ही गोष्ट ऐकून ऑगस्टीन हलला, आणि पुढे ३८७ च्या ईस्टरच्या रात्री मिलानमध्ये बिशप अँब्रोझ यांच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. तोही नावनोंदणी करून, ईस्टरआधीच्या उपवासकाळातली शिकवणी घेऊन. एवढा पंडित, पण बसला इतरांच्या रांगेत.

ही प्रौढांच्या तयारीची पद्धत मध्ये कित्येक शतकं जवळजवळ विस्मरणात गेली होती. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये ती पुन्हा सुरू करायचं ठरवलं आणि १९७२ मध्ये नवा विधी प्रसिद्ध झाला. तेव्हा फादर तुला मुद्दाम रखडवत नाहीत. प्रौढ व्यक्तीने स्वतःची इच्छा दाखवलेली असावी, तिला शिकवण मिळालेली असावी, आणि ख्रिस्ती जगणं तिने काही काळ करून पाहिलेलं असावं, अशी ख्रिस्तसभेच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या, कायद्याचीच अपेक्षा आहे. पहिल्या दोन गोष्टी तुझ्याकडे आहेत. तिसरी वाचून येत नाही.

पहिला विधी असेल दीक्षार्थी, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी करणारी, म्हणून स्वीकारण्याचा. तू बहुधा चर्चच्या दाराशी उभी असशील. फादर विचारतील, तू देवाच्या मंडळीकडे काय मागतेस? उत्तर एका शब्दाचं: विश्वास. मग कपाळावर क्रूसाची खूण. बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावर न थांबता कान, डोळे, ओठ, छाती, खांदे यांवरही खूण करतात. तुझा हात धरून चालणारी व्यक्ती, म्हणजे तुझी पुरस्कर्ती, ती करते. हातांवर करते, आणि शेवटी वाकून पायांवर. त्या क्षणी बहुतेकांची तारांबळ उडते. वयाने मोठी, कदाचित गुडघे दुखणारी बाई आपल्या पायाशी वाकते आहे हे बघवत नाही, पाय मागे घ्यावासा वाटतो. घेऊ नकोस. पुस्तकांनी तुला हे दिलेलं नाही, आणि देऊ शकणारही नाहीत.

त्या दिवसापासून तू ख्रिस्तसभेशी जोडली गेलीस. बाप्तिस्म्याआधी काही बरंवाईट झालं तरी ख्रिस्ती अंत्यविधीचा तुला हक्क आहे, इतकी जोडली गेलीस. तरी मिस्सेत प्रवचनानंतर दीक्षार्थींना बाहेर पाठवायची रीत आहे. बाहेर जायचं म्हणजे बसून त्या दिवसाच्या वाचनांवर बोलायचं. सगळीकडे ती पाळत नाहीत. तुझ्याकडे पाळत असतील तर तुला अपमान वाटेल, हे मला तुझ्या पत्रावरून आत्ताच दिसतंय. वाटू दे. ख्रिस्तशरीरासाठी, म्हणजे मिस्सेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीसाठी, जरा भूक लागलेली बरी. जन्मापासून कॅथलिक असलेल्या आम्हा लोकांना ती भूक माहीतच नसते, आम्ही रांगेत उभे राहतो आणि घरी काय काय कामं पडलीत त्याचा विचार करतो.

उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी सहसा बिशपांसमोर बाप्तिस्म्यासाठी निवडीचा विधी होतो. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी परीक्षण होतं, आणि इथे तुझी परीक्षा अखेर घेतली जाते. मात्र प्रश्नोत्तरांची नाही. योहानाच्या शुभवर्तमानातली तीन वाचनं होतात: विहिरीवरची शोमरोनी स्त्री, जन्मांध माणूस, मेलेला लाजरस. तू सगळ्यांसमोर उभी राहतेस आणि मंडळी तुझ्यासाठी प्रार्थना करते, की आत जे दुबळं आणि पापी आहे ते उघडं पडून बरं व्हावं. त्या आठवड्यांत धर्मशास्त्राची पुस्तकं मिटून ठेव. कुणाशी बोलणं टाकलंयस, कुणाचं येणं देणं राहिलंय, कुठलं खोटं सोयीचं म्हणून चालू आहे, ते बघ. तू शंकांबद्दल इतकं लिहिलंस, पण बहिणीशी अबोला आहे हे एका ओळीत उरकलंस. मला त्या ओळीची जास्त काळजी वाटते.

कबुलीजबाबाची, म्हणजे फादरांजवळ पापं कबूल करण्याची, धास्ती आत्ता नको. बाप्तिस्म्यातच आधीच्या सगळ्या पापांची क्षमा होते, त्यामुळे त्याआधी तुला कबुलीजबाब नाही. नंतर आहे.

तुझ्याबरोबर कॅथलिक होऊ पाहणाऱ्या मैत्रिणीची गोष्ट निराळी आहे. तिचा दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये पाण्याने, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा झालेला असेल तर तो पुन्हा होत नाही. तिने दाखला शोधून ठेवावा. ती आधी कबुलीजबाब देईल, मग मंडळीसमोर विश्वास कबूल करेल. त्यासाठी ईस्टरच्या रात्रीपर्यंत थांबायलाच हवं असंही नाही.

लग्नाबद्दल तू गोलगोल लिहिलंस, म्हणून सरळ सांगते. तुझं किंवा ज्याच्याशी लग्न करायचं म्हणतेस त्याचं आधी लग्न झालेलं असेल, मोडलेलंही असेल, तर ते फादरांना पहिल्याच भेटीत सांग. ते लग्न ख्रिस्ती पद्धतीने झालं नव्हतं म्हणून मोजलं जाणार नाही, असं समजू नकोस. ते लग्न ठरवायला धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या हद्दीतल्या चर्चच्या, न्यायालयात प्रकरण गेलं तर वेळ लागतो, आणि ईस्टर तोंडावर आल्यावर ते निघालं तर फार मनस्ताप होतो. दुसरं, तो कॅथलिक आहे म्हणून तू बाप्तिस्मा घेत असशील तर थांब. बिशपांची परवानगी घेऊन बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशीही चर्चमध्ये लग्न लागतं. लग्नाच्या तारखेला गाठायचं म्हणून घेतलेला बाप्तिस्मा मला तरी आवडत नाही. प्रेमापोटी सुरुवात झाली असेल तर हरकत नाही, पण उद्या हा माणूस आयुष्यात नसला तरी तू रविवारी येशील का, ते स्वतःला विचार.

आईवडिलांना सांग. आत्ताच सांग, फोटो बघून कळायला नको. ते रागावतील, रडतील. तिथे वाद जिंकायचा प्रयत्न करू नकोस, आणि त्यांच्या देवघराबद्दल एक वाकडा शब्द काढू नकोस. नव्याने आलेल्यांना हा मोह फार होतो. एडिथला तिच्या आईची समजूत कधीच काढता आली नाही. तरी ती घरी जात राहिली.

ईस्टरच्या रात्रीचं वर्णन मी करत नाही, ती तुझी तुला बघू दे. एवढंच माहीत असू दे की विधी लांब असतो आणि जुन्या करारातलीच सात वाचनं असू शकतात. बाप्तिस्मा, दृढीकरण (तेल लावून विश्वास पक्का करण्याचा संस्कार) आणि पहिलं ख्रिस्तशरीर हे तिन्ही त्याच रात्री होतं. ख्रिस्तशरीर घेण्याआधी तासभर पाणी आणि औषध यांखेरीज काही खायचं-प्यायचं नसतं. नवं नाव घेतलंच पाहिजे असं नाही. तुझं नाव ख्रिस्ती भावनेला दुखावणारं नाही, मला तर ते फार आवडतं. संताचं नाव घ्यायचंच असेल तर त्या संताचं चरित्र शेवटपर्यंत वाच, पहिल्या दहा पानांवर ठरवू नकोस. रात्र संपली की पुढचे पन्नास दिवसही वर्गाचेच असतात, आणि नेमकं तेव्हाच लोक यायचे बंद होतात.

आता तुझा शेवटचा प्रश्न, मी तुझी धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी तुझ्या पाठीशी उभी राहणारी, होईन का. नियमाने होता येईल: सोळा वर्षं पूर्ण झालेली, दृढीकरण झालेली, विश्वासाला धरून जगणारी कॅथलिक व्यक्ती लागते आणि ती तुझी आई किंवा वडील नसावी. पण मी इतक्या लांब राहते, दर रविवारी तुझ्या शेजारी बसू शकणार नाही, आणि आपण दोघी मिळून तुझ्या चर्चमधल्या लोकांची उणीदुणी काढत बसू अशी मला धास्ती आहे. म्हणून नको. त्या घोरणाऱ्या आजोबांच्या शेजारी एक बाई असतात, तुला पहिल्या दिवशी प्रार्थनेचं पान काढून देणाऱ्या, असं तू लिहिलं होतंस. त्यांचं नाव तुला अजून माहीत नाही. येत्या रविवारी विचार, आणि ओळख झाली की फादरांना सांग की यांनाच विचारावं म्हणते.

तुझी,
ताई