वणव्याला घाबरणाऱ्याने वनरक्षक व्हावे का?

गेल्या मार्चमध्ये सातारा जिल्ह्यातील डोंगराळ भागातून एक आई आपल्या एकवीस वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वणवे विझवायचे या ध्यासाने मुलगा दोन वर्षे वनरक्षक भरतीची तयारी करत होता; आपल्याकडे या कामाचा मुख्य भार वनरक्षक, वनमजूर आणि हंगामी फायर वॉचर यांच्यावरच असतो. महिन्यापूर्वी गावालगतचा डोंगर पेटला, तेव्हा तोही ओली फांदी घेऊन धावला होता. त्या दिवसापासून त्याचा सराव बंद पडला होता आणि झोप उडाली होती.

“मॅडम, वारा फिरला आणि मी पळालो. भित्र्या माणसाचं हे काम नाही,” तो म्हणाला.

त्या पाच मिनिटांत काय काय घडले, ते मी त्याला सावकाश सांगायला लावले. वयस्क वनमजुराने “काळ्यावर या!” अशी हाक दिली होती आणि तो जळून गेलेल्या पट्ट्यात उतरला होता, चपलेचा तळ राखेत चिकटत होता, हेही त्याला आठवले. जिथे जळण्यासारखे काही उरलेले नाही, ती जागा बहुधा सर्वांत सुरक्षित असते, आणि चढावर आग माणसापेक्षा वेगाने धावते. म्हणजे त्याच्या पायांनी योग्य तेच केले होते. मी हे सांगितल्यावरही त्याचा चेहरा उतरलेलाच राहिला. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “शेजारी चुलते होते. त्यांना मी हाक मारली नाही.”

त्याची खरी बोच ही होती. चुलते सुखरूप परतले होते, तरी “जाऊ दे” म्हणून ती झटकणे मला अप्रामाणिकपणाचे वाटले. भीती राहणारच, पण भीतीतही शेजाऱ्याला हाक मारून मागे फिरणे ही सवय आहे, आणि सवय लावून घेता येते, असे मी त्याला सांगितले.

आईची काळजी वेगळी होती. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन हंगामी मजुरांचा मृत्यू झाला, ती बातमी तिने मोबाइलमध्ये जपून ठेवली होती. हा धोका खरा आहे, आणि मी तो कमी करून सांगितला नाही. मुलाला मात्र मी विचारले, की केवळ आगीशी झुंजण्यासाठी त्याला ही नोकरी हवी आहे का. कारण वनरक्षकाचे वर्ष गस्त, रोपवन, पंचनामे यांतच अधिक जाते. २०२३ च्या भरतीत पुरुषांसाठी ५ किलोमीटर धावण्याबरोबरच ४ तासांत २५ किलोमीटर चालण्याची चाचणी होती, ती या कामाच्या स्वभावाला धरूनच आहे.

मी त्याला लगेच निर्णय घेऊ दिला नाही. हिवाळ्यात वनपालांची परवानगी घेऊन जाळरेषांच्या कामावर जा, असे सुचवले. फेब्रुवारीच्या मध्याला आगीचा हंगाम सुरू होण्याआधी गवताचे पट्टे कापून नियंत्रित रीतीने जाळले जातात, आणि आग कशी वागते हे तिथे शांतपणे पाहायला मिळते.

जानेवारीत त्याचा फोन आला. पट्टा जाळताना धूर अंगावर आला, तेव्हा छाती धडधडलीच, पण आपण आधी शेजारच्या दोघांना नावाने हाक मारली आणि मगच मागे सरलो, असे त्याने सांगितले. दुसऱ्या दिवसापासून त्याने पहाटेचे धावणे पुन्हा सुरू केले होते.